लायसनचा फोटो

"पेंटर, बाळू मगदूमला काय झालं ओ?"

दत्तूनं सायकल भिंतीला टेकवून दारातनंच विचारलं. सकाळचे सहा वाजून गेले असतील. मी पायरीवर बसून चहा बशीत ओतत होतो. म्हणलं, त्याला काय धाड भरलीय? ट्रेलर घेऊन छत्तीसगडला गेलाय, कारखान्याची मशिनरी आहे. परवा स्टँडवर माझ्याच डबीतली तंबाखू मळली आणि गेला.

दत्तूनं मागं सायकलीकडं बघितलं. शिडी अजून सायकलला बांधलेलीच होती. मग हळू आवाजात म्हणाला, "मग मी आत्ता लावून आलो त्यो कुणाचा?"

"काय लावून आलास?"

"श्रद्धांजलीचा बॅनर. तुमीच दिलेला. बाळूचा फोटो हाय, मागं निळा पडदा, भोवतीनं झेंडूचा हार. खाली पंचवीस लिवलंय, वय असंल. चढून बांधताना कळलं न्हाई, खाली उतरून बघितलं तवा दिसलं. मला वाटलं तुमाला म्हाईत असंल."

बशी खाली ठेवली का हातातनं पडली, आठवत नाही. ती फुटली एवढं खरं, कारण माझी बायको मालन नंतर लई दिवस त्या बशीवरनं बोलायची.

आता हे सगळं कसं झालं ते सांगायचं म्हणजे थोडं मागं जायला पाहिजे.

मी बसाप्पा लोहार. शाळा सातवीपर्यंत, ती पण नापास. पंचवीस वर्षं मी हातानं बोर्ड रंगवले. सोसायटीचा बोर्ड माझा, शाळेच्या भिंतीवरचा नकाशा माझा, ट्रॅक्टरच्या मागची नावं माझी. मग फ्लेक्स आला आणि ब्रश डब्यातच वाळले. तालुक्याला एक सायबर कॅफे बंद पडत होता, तिथला कॉम्प्युटर आणि प्रिंटर मी घेऊन आलो आणि देव्हाऱ्याशेजारी मांडला. फोटो कापायला, अक्षरं टाकायला शिकलो. बॅनर घरी बनवायचा, पेनड्राइव्ह तालुक्याच्या प्रिंटवाल्याकडं पाठवायचा, गुंडाळ्या संध्याकाळच्या टेम्पोनं यायच्या. दत्तू पहाटे उठून त्या बांधायचा. पासपोर्ट फोटोचं काम मालन बघायची. फॉर्मवर असेल ते पुरं नाव ती फोटोला द्यायची.

एकदा इनामदार मॅडम आल्या. तालुक्याच्या हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवायच्या. घराच्या नावाची पाटी त्यांना ब्रशनंच रंगवून पाहिजे होती. मी हातातलं काम उरकत होतो आणि त्या मागं बसून बघत होत्या. एकच बॅनर, त्यातलं नाव पुसायचं, दुसरं टाकायचं, फोटो बदलायचा, परत नाव पुसायचं. अर्धा तास त्यांनी बघितलं.

"पेंटर, जे चाळीस वेळा करताय ते त्याला एकदा सांगा. चाळीस वेळा तो करेल."

म्हणलं, कसं सांगायचं? तर म्हणाल्या, लिहून. म्हणलं, मॅडम, मला इंग्रजी येत नाही. त्या म्हणाल्या, चाळीसएक शब्द लागतात, नो पार्किंग लिहिता ना भिंतींवर, मग झालं.

त्यांनी पायथन म्हणून एक भाषा मशिनीत घालून दिली. मालननं नावाचा अर्थ विचारला, आणि कळल्यावर म्हणाली, देवाशेजारी अजगर ठेवायचा नाही. दर रविवारी मॅडम यायच्या. मी दोनशे पानी वही घातली. पहिल्या दिवशी काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली आणि त्यानं खाली माझं नाव लिहून दाखवलं. नुसतं नाव. पण मी ते उठून शेजारच्या चौघांना बोलावून दाखवलं. मग एक ते शंभर आकडे मोजायला लावले. डोळ्याचं पातं लवायच्या आत शंभर. त्यात ओळीच्या सुरुवातीला मोजून जागा सोडायला लागते, नाहीतर ते लाल अक्षरात रागवतं. मॅडम म्हणायच्या, यातच पोरांची वर्षं जातात, तुम्हाला कसं पटकन जमलं? म्हणलं, अक्षरामागं जागा किती सोडायची हेच तर जन्मभर केलंय.

एक गोष्ट त्या सारखी सांगायच्या. "पेंटर, याला अक्कल नाही. सांगाल तेवढंच करतो, आणि जे सांगितलं नाही ते कधी विचारत नाही." मी ते वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा पण मारल्या. आणि विसरलो.

दोन महिन्यांनी माझा पहिला खरा प्रोग्राम झाला. तो काय करायचा, तर माझ्या बॅनरचे आणि मालनच्या पासपोर्टचे सगळे फोटो उचलून एका फोल्डरात ठेवायचा, प्रत्येकाला पुऱ्या नावानं. मग यादीतलं एकेक नाव वाचून त्या नावाचा फोटो शोधायचा, चौकटीत बसवायचा, खाली मजकूर टाकायचा. जत्रेच्या आठवड्यात अडतीस बॅनरची ऑर्डर होती. एरवी मला चार दिवस लागले असते. मी एक बटण दाबलं आणि मांडीवर हात ठेवून बसलो. अकरा मिनिटांत अडतीस.

मालन म्हणाली, एकदा उघडून बघून तरी घ्या सगळे. मी म्हणलं, माणूस चुकतो, मशिन चुकत नाही. हेच शब्द.

त्या अडतिसात एक बॅनर सुलाक्काचा होता. सुलाक्का म्हणजे बाळूची आई. सासऱ्याचं पंचविसावं पुण्यस्मरण होतं. भिंतीवरचा फोटो पदराखाली झाकून घेऊन आली. पटका, भरघोस मिशा, डोळे अर्धे मिटलेले. मी त्याची कॉपी काढून फोटो परत दिला आणि विचारलं, पुरं नाव सांगा अक्का. तिनं मान हलवली.

"मामंजी हाईत ते."

"गेले की पंचवीस वर्षं झाली."

"म्हणून काय झालं? तुमाला म्हाईत हाय न्हवं, घाला."

मला म्हाईत होतंच. रंगराव बापूसो मगदूम. गावच्या तालमीच्या पाटीवर ते नाव मीच रंगवलं होतं, वस्ताद म्हणून.

एवढं मागचं झालं. आता त्या सकाळचं.

मी दत्तूचीच सायकल घेतली, शिडीसकट. डोक्यात एकच होतं. सुलाक्का साडेसहाला दूध घालायला डेअरीत जाते आणि डेअरी स्टँडच्या मागं आहे. ती पोचायच्या आत ते काढायचं. प्रिंटवाल्यानं कुणाचा तरी फोटो कुणाला तरी चिकटवला असणार, असं मी स्वतःला सांगत होतो. शिडी कुणाच्या तरी कुंपणाला लागली, मी थांबलो नाही.

स्टँडवर वीसएक माणसं होती आणि आवाज नव्हता. हॉटेलवाल्यानं रेडिओ बंद केलेला. न्हाव्यानं शटर अर्धं ओढलेलं. सगळी एका बाजूला सरकून उभी होती, आणि मधल्या मोकळ्या जागेत सुलाक्का. दुधाची किटली पायाशी ठेवलेली. रडत नव्हती. मान वर करून बघत होती.

मी पण वर बघितलं. बाळू होता. निळा पडदा, पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, लायसनच्या फोटोत बघतात तसा सरळ आपल्याकडं बघणारा. भोवती माझा झेंडूचा हार. भावपूर्ण श्रद्धांजली. मी खालचं नाव वाचलं. रंगराव बापूसो मगदूम. नाव बरोबर होतं. फोटो बाळूचा आणि नाव म्हाताऱ्याचं, हे मला काही केल्या जुळेना.

सुलाक्का वळली. "पेंटर, कुठं झालं?"

"अक्का, काही झालं न्हाई. बाळू धडधाकट हाय. चुकून फोटो..."

"तुमाला कवा कळलं?"

म्हणलं, मला काही कळलेलं नाही, कळण्यासारखं काही झालेलंच नाही. ती माझ्याकडं अशी बघत होती, जसं मी लहान मुलाची समजूत घालतोय आणि ते तिला कळतंय.

"माझ्या भावाच्या येळेला बी तुमी असंच म्हणला होता," ती म्हणाली. "काय न्हाई अक्का, शिरेस हाय, कोल्हापुरात हाय. आणि बॅनर तुमच्या टेबलावर होता."

ते खरं होतं. आमच्या गावात कुणी गेलं तर आधी डॉक्टरला कळतं आणि मग पेंटरला. घरच्या बायकांना शेवटी. माणूस दवाखान्यातच असतो, घरी सांगितलेलं असतं तब्येत नाजूक आहे म्हणून, आणि मी इकडं त्याच्या फोटोला हार घालत बसलेला असतो. कुणी विचारलं तर तोंड बंद ठेवायचं, हा आमच्यातला रिवाज. मी तो किती घरांत पाळला, मोजला नाही. तिच्या भावाच्या वेळी ती माझ्या दारात येऊन विचारून गेली होती, आणि मी टेबलावर वर्तमानपत्र टाकून म्हणलं होतं, काय न्हाई अक्का.

म्हणून आता मी खरं सांगत होतो, आणि ते खरं म्हणून तिला ऐकूच येत नव्हतं.

मी म्हणलं, "अक्का, नाव बघा. नाव तुमच्या मामंजींचं हाय."

"त्याचंच बी हाय की," ती म्हणाली. "त्ये गेलं आणि वर्सानं ह्यो झाला. त्यांचंच नाव ठेवलं. मला घेता येत न्हाई म्हणून आमी बाळू म्हणतो."

बाळूला मी पाळण्यातला बघितला होता. चोवीस वर्षं त्याला बाळू म्हणत होतो. त्याचं कागदावरचं नाव काय, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आज्याचं नाव नातवाला, मधे बापाचं, आणि बाप दोघांचाही बापूसोच, आडनाव तेच. अक्षर न् अक्षर तेच.

दत्तू मागनं पळत आला होता. त्यानं शिडी लावली, दोऱ्या कापल्या. बॅनर खाली आला तो तोंड वर करून. त्याला हात लावायला कुणी पुढं येईना. मी गुडघ्यावर बसून फोटो आत घेत तो गुंडाळला. गुंडाळी तिरकीच होत गेली.

बाळूचा फोन बंद होता. बारा-पंधरा जणांनी आपापल्या मोबाइलवरनं लावून बघितला, जसं कुणाच्या तरी मोबाइलला वेगळं उत्तर मिळणार होतं.

गुंडाळी काखेत तशीच घेऊन मी त्यांच्या घरी गेलो आणि पुढच्या सोप्यात बसलो. पळून जावं असं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मी गेलो असतो तर ती म्हणाली असती, बघा, पेंटर तोंड चुकवतोय.

बाळूचा बाप, बापूसो, कारखान्याच्या रात्रपाळीवरनं आला. त्याला गेटवरच कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं माझी कॉलर धरली. मी म्हणलं, मार, पण बाळू जिवंत आहे. त्यानं हात सोडला आणि माझ्याच शेजारी खाली बसला. बूट काढायचं पण त्याला सुचलं नाही.

बायका जमत गेल्या. चूल पेटवलेली नव्हती. सुलाक्का भिंतीला टेकून बसली होती, तिच्या डोक्यावर म्हाताऱ्याचा फोटो, पटक्यातला. कुणी काही बोललं की ती मान हलवायची. पाणी दिलं, घेतलं नाही.

आठ वाजता मालन आली आणि माझ्या कानाशी वाकली. तिनं मशिन उघडून बघितलं होतं. फोल्डरात त्या नावाचा एकच फोटो होता, बाळूचा. म्हाताऱ्याचा कुठंच नव्हता.

"माझी चूक हाय," ती म्हणाली. "लायसनच्या फॉर्मवर होतं तेच नाव मी घातलं."

तेव्हा मला सगळं दिसलं. माझ्या प्रोग्रामनं आधी बॅनरचे फोटो नेऊन ठेवले, त्यात म्हातारा. मग पासपोर्टचे ठेवायला घेतले, त्यात बाळू. त्या नावाच्या जागी एकजण आधीच बसलेला होता. माणूस असता तर थबकला असता, म्हणला असता, अहो, इथं हे बसलेत, ह्याला कुठं बसवू? तो थबकला नाही. त्यानं म्हाताऱ्याला पुसला आणि बाळूला तिथं ठेवला. कारण मी त्याला सांगितलंच नव्हतं की एका नावाची दोन माणसं असतात. आणि न सांगितलेलं तो विचारत नाही.

मी मालनला म्हणलं, तुझी नव्हं, माझी. आणि उठून हे सगळं बायकांना मोठ्यानं सांगितलं. त्यांना ते किती कळलं देव जाणे. कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती, बापूसोची आत्या. ती म्हणाली, "मशिनीचं सोड. आज्याचं नाव नातवाला ठेवत्यात, हे तुला ठाऊक न्हवतं? तुझा आजा कोण रं, बसाप्पा?"

माझा आजा बसाप्पाच होता. मी खाली बसलो.

नऊ वाजता ट्रान्सपोर्टचं ऑफिस उघडलं. बापूसोनं फोन लावला. ते म्हणाले, काल संध्याकाळी पाचला ड्रायव्हर बोललाय, त्यानंतर फोन नाही, लागतही नाही. बापूसोनं ते जसंच्या तसं बायकोला सांगितलं. सांगायला नको होतं. मला त्या क्षणापर्यंत पक्कं माहीत होतं की बाळू जिवंत आहे, कारण ती चूक माझी होती आणि कशी झाली ते मी बघितलं होतं. पण आता माझ्यापण मनात आलं, की चूक माझी असली तरी तिकडं रस्त्यावर काय झालंय ते मला कुठं माहीत आहे? मीच हार घातलाय. मी त्या गुंडाळीकडं बघितलं नाही.

साडेदहाच्या सुमाराला बापूसोचा फोन वाजला. नंबर अनोळखी. तो नुसता हातात धरून बसला, बटण दाबेना. मी त्याच्या हातातनं घेतला, दाबला आणि आवाज मोठा केला.

"आण्णा, मी बोलतोय. माझा मोबाइल रातच्याला पाण्याच्या टाकीत पडला. ह्यो ढाब्यावाल्याचा फोन हाय. आई हाय काय?"

मी फोन सुलाक्कापुढं धरला. तिनं तो हातात घेतला नाही.

"कोण बोलतंय?" तिनं विचारलं.

"मी, बाळू."

"बाळू कोण बी म्हणंल. पुरं नाव सांग."

तिकडं तो हसला. मागं कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजला. "असं काय करतीस? रंगराव बापूसो मगदूम. लायसन नंबर बी सांगू काय? झालंय तरी काय?"

सुलाक्कानं पदर डोक्यावरनं पुढं ओढला, पार कपाळाच्या खाली. तिच्या डोक्यावर भिंतीला म्हातारा होता. तिनं वर बघितलं नाही.

"रंगराव," ती म्हणाली.

बापूसोनं मान वर केली. कोपऱ्यातल्या आत्याचा हात तोंडावर गेला. त्या घरात नांदायला आल्यापासून ते नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

"रंगराव, जेवलास काय?"

बाळूनं तिकडनं विचारलं, "आई, कुणाला म्हणतीस?"

तेव्हा ती रडायला लागली.

त्या संध्याकाळी तिनं म्हाताऱ्याचा फोटो परत आणून दिला. म्हणाली, पुसलाय न्हवं मशिनीतनं, घाला परत, आणि ह्या बारीला बघून लावा. मी बॅनर नवा करून दिला, आणि दत्तूबरोबर स्वतः शिडी धरायला गेलो.

मग रविवारी मॅडमना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रागवल्या नाहीत. प्रोग्राममध्ये एक ओळ आणि त्याखाली जागा सोडून दुसरी ओळ, एवढंच वाढलं. त्या नावाचं कुणी आधीच असेल तर पुसू नकोस, थांब आणि मला विचार. काय विचारायचं तेही आपणच लिहायचं असतं. मी लिहिलं, "हा कोण?"

आधीच्या वर्षांचे जुने फोटो पेनड्राइव्हवर होते, ते सगळे त्यातनं घातले. आमचं गाव अठराशे वस्तीचं. ते मशिन त्रेचाळीस वेळा थांबलं. त्रेचाळीस वेळा पडद्यावर, हा कोण. मी आणि मालन दिवसभर बसून एकेक लावत होतो, हा आजा, हा नातू, हा आजा, हा नातू. संध्याकाळी मालन म्हणाली, मेलेली सगळीच हितंच फिरत्यात की ओ, आणि दिवा लावायला उठली.

पुढच्या वर्षी बाळूचं लग्न ठरलं. सुलाक्का बॅनर सांगायला आली, नवी साडी, हातात पेढ्याचा पुडा. मी मशिन लावून विचारलं, नवऱ्या मुलाचं नाव?

"तुमाला म्हाईत हाय की."

म्हणलं, अक्का, त्या दिवशी घेतलं होतं की तुम्ही.

"कुणी? मी न्हाई घेतलं."

"सगळ्या सोप्यानं ऐकलं."

"सोप्याला काय कळतंय," ती म्हणाली. "घाला तुमी."

मी नाव घातलं. मशिन थांबलं, दोन फोटो शेजारी शेजारी आले आणि खाली प्रश्न आला. मी पडदा तिच्याकडं फिरवला. तिनं डोक्यावर पदर घेतला, दोघांकडं बराच वेळ बघितलं, आणि न बोलता धाकट्यावर बोट ठेवलं.